दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर एक, वेळा अनेक

परगावचा रस्ता विचारणाऱ्याला पूर्वी उत्तर कोसांत मिळत असे. परंतु विचारणाऱ्याच्या मनातला खरा हिशेब मजलांचा असे. सकाळी निघालो तर मुक्कामाला केव्हा पोहोचू, हेच त्याला हवे असे. घाटातली मजल लहान, सपाटीवरची मोठी. मधल्या नदीला पूर आला की तेच गाव आठ-आठ दिवस लांब जाई. गाव जागचे हालत नसे आणि कोसही वाढत नसत. तरी वेळ मात्र बदलत असे.

आज आपल्यातील अनेकांची मुले व नातवंडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतात. पुणे, नाशिक, सांगली, नागपूर अशा गावांतून आईवडील त्यांच्याकडे जातात-येतात. त्यांना ‘सॅन फ्रान्सिस्को किती लांब?’ असे विचारले तर कोणी किलोमीटर सांगत नाही. ‘पंधरा तास’, ‘सोळा तास’, ‘येताना अंमळ जास्त’ अशी उत्तरे येतात. म्हणजे विमानाच्या युगात आपण पुन्हा मजलांवरच आलो आहो. अंतर आणि वेळ ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे आपण सहज धरून चालतो. तसे ते नाही, हे दाखवावे एवढाच या लेखात आमचा हेतू आहे. अंतर पृथ्वीने ठरवून दिलेले असते. वेळ मात्र वारा, इंधन आणि माणसामाणसांतले करार हे तिघे मिळून ठरवतात. उदाहरणासाठी आम्ही दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को हे दोन विमानतळ घेतले आहेत. या दोहोंमध्ये एअर इंडियाची न थांबता जाणारी विमानसेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या इतिहासात या विषयातील बहुतेक धडे आयतेच सापडतात.

सुतळी आणि गोल

प्रथम अंतर पाहू. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आपल्या डोळ्यांत इतका बसलेला असतो, की दिल्लीहून अमेरिकेला जायचे म्हणजे डावीकडे इराण, युरोप, अटलांटिक महासागर, मग अमेरिका आणि शेवटी तिचा पश्चिम किनारा, अशी वाट आपण मनात आखतो. हा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीने काढलेला असतो. मर्केटरने १५६९ साली तो रचला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चालवले तर त्याची वाट नकाशावर सरळ रेषेत दिसावी, ही त्याची सोय. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांजवळचे प्रदेश अवास्तव फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून विमानाचे अंतर मोजणे म्हणजे आरशात पाहून उंची मोजण्यासारखे आहे.

त्याऐवजी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि एक सुतळी घ्यावी. सुतळीचे एक टोक दिल्लीवर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ती ताणावी. ती जिथे घट्ट बसते तीच सर्वांत जवळची वाट. भूमितीत हिला मोठ्या वर्तुळाचा कंस म्हणतात. कारण पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या पातळीने गोलावर जे वर्तुळ उमटते त्याचाच तो तुकडा असतो. ही सुतळी ताणली म्हणजे पाहणारा चकित होतो. ती पश्चिमेला जातच नाही, पूर्वेलाही फारशी जात नाही. ती दिल्लीहून जवळजवळ नाकासमोर उत्तरेला, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे अवघे सोळा-सतरा अंश कलून निघते. हिमालय ओलांडून ती चीनच्या शिंच्यांग प्रांतावरून सैबेरियात शिरते, पुढे आर्क्टिक समुद्रावर ७५ अंशांच्याही वर चढते आणि मग अलास्कावरून उतरत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचते. हिची लांबी भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. पृथ्वीचा अर्धा घेर २०,००० किलोमीटरांचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दोन शहरे एकमेकांपासून किती दूर आहेत याची कल्पना येईल.

येथे कोणी विचारील, विमान तर जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, मग तिथला घेर मोठा नाही का? मोठा आहे, पण किती? अकरा किलोमीटर उंचीवरून गेल्याने या सबंध वाटेत भर पडते ती वीस-एकवीस किलोमीटरांची. तेव्हा त्या शंकेने आपण अडून बसण्याचे कारण नाही.

१२,४०० किलोमीटर हा आकडा कोणत्याही सरकारला वा कंपनीला बदलता येणार नाही. परंतु विमान या सुतळीवरून जवळजवळ कधीच जात नाही. का जात नाही, हे कळले म्हणजे वेळेचे कोडे निम्मे सुटले.

पृथ्वी फिरते म्हणून काय होते आणि काय होत नाही

वाऱ्याकडे वळण्यापूर्वी एक समजूत बाजूला सारली पाहिजे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर जाऊन नुसते थांबले तर खालून सॅन फ्रान्सिस्को आपोआप येणार नाही काय? प्रश्न हुशारीचा आहे, पण उत्तर नकारार्थी आहे. धावत्या आगगाडीत बसून आपण पेरू वर उडवला तर तो मागच्या बाकावरच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही, आपल्याच हातात येतो. कारण गाडीचा वेग पेरूलाही मिळालेला असतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने सरकतो. आणि त्याच्याबरोबर हवा, ढग, पक्षी व विमानतळावर उभे असलेले विमान हे सारे सरकत असतात. तेव्हा फिरण्याचा असा थेट फायदा नाही.

आडवळणाने मात्र फार मोठा परिणाम होतो. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली. या फरकामुळे उंचावरची हवा ध्रुवांकडे जाऊ पाहते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वाटेत पूर्वेकडे वळवली जाते. त्यातून नऊ ते बारा किलोमीटरांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्याच्या नद्या तयार होतात. शास्त्रज्ञ त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीड-दोनशे किलोमीटर असणे नित्याचे. हिवाळ्यात तो कधी कधी तीनशेच्याही पुढे जातो. उन्हाळ्यात उष्ण-थंडीचा फरक कमी होतो, म्हणून प्रवाहही मंदावतो.

या वाऱ्यांच्या शोधाची कथा मोठी बोधप्रद आहे. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे आकाशात सोडून, त्यांची चाल दुर्बिणीतून पाहून, हे वेगवान वारे मोजले. आपले संशोधन जगाला कळावे म्हणून त्यांनी ते एस्परांतो या नव्याने रचलेल्या विश्वभाषेत प्रसिद्ध केले. परिणाम उलटाच झाला. जगात ते फारसे कोणी वाचले नाही. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ विमाने बाँबफेकीसाठी जपानवर उंचावरून गेली, तेव्हा त्यांना या वाऱ्याचा प्रत्यक्ष तडाखा बसला. ज्ञान कागदावर असून उपयोग नाही, ते पोहोचलेही पाहिजे, हे यातून दिसते.

वाऱ्याचा हिशेब

आता एक साधे गणित करू. समजा, एक विमान शांत हवेत ताशी ९०० किलोमीटर जाते आणि त्याला ९,००० किलोमीटरांचा पल्ला गाठायचा आहे. वारा नसेल तर जायला दहा तास, यायला दहा तास. आता ताशी १०० किलोमीटरांचा वारा सुटला असे धरा. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि प्रवास नऊ तासांत संपतो. परतताना वेग ८०० होतो आणि लागतात सव्वाअकरा तास. जाताना एक तास वाचला, येताना सव्वा तास गेला. वारा दोन्हीकडे सारखाच होता, तरी हिशेब बरोबरीत सुटला नाही. कारण उघड आहे. अनुकूल वाऱ्यात विमान थोडा वेळ असते आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ. नदीत पोहणाऱ्या मुलांना हे पुस्तकावाचून ठाऊक असते.

हे गणित मनात ठेवून दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवेकडे पाहू. आरंभी हे विमान युरोप आणि अटलांटिकवरून, म्हणजे मुख्यतः पश्चिमेकडे, सुमारे १३,९०० किलोमीटरांची वाट चालून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते उलट दिशेला, पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे आधीपेक्षा चौदाशे किलोमीटरांनी लांब. आणि वेळ? साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी! भागाकार करून पाहा. पहिल्या वाटेवर जमिनीवरचा सरासरी वेग ताशी साडेआठशेच्या आत होता, दुसऱ्या वाटेवर तो हजाराच्या वर गेला. इंजिनांनी काही जादा मेहनत केली नाही. विमान वाऱ्याच्या नदीत शिरले, एवढेच झाले. लांबची वाट जवळची ठरण्याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. परतीच्या प्रवासातही विमानाने तोंड पूर्वेकडेच ठेवले आणि अटलांटिकवरून दिल्ली गाठली, तर प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते. पूर्वीच्या काळी जी गोष्ट दर्यावर्दींच्या चरित्रात वाचायची, ती नातवाला भेटून येणाऱ्या आजीच्या पदरी सहज पडू शकते.

इंधन आणि आसऱ्याचे विमानतळ

वाऱ्यानंतर इंधन. या सेवेवर वापरलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. त्याचे वजन भरते १४५ टनांच्या आसपास. सर्व बोजासह उडताना या विमानाचे वजन जास्तीत जास्त ३४७ टन असू शकते. म्हणजे काठोकाठ भरल्यास वजनाचा दोन-पंचमांश भाग नुसत्या इंधनाचा. पुन्हा हे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जाळावे लागते. देशावरची बैलगाडी कडब्याचे ओझे घेऊन निघाली आणि वाटेत बैलांनी त्यातलाच कडबा खाल्ला, तसा हा प्रकार. वाट तासाभराने वाढली की इंधन वाढते, इंधन वाढले की वजन वाढते आणि मग कुठेतरी माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात. शिवाय मुक्कामाच्या विमानतळावर उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता यावे आणि वर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याही घालता याव्यात, इतका शिधा गाठीशी ठेवण्याचा नियम आहे.

दुसरा नियम आसऱ्याचा. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तरी ठरलेल्या मुदतीत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत टप्प्यात असला पाहिजे. म्हणून नकाशावरची रेषा अशा विमानतळांच्या कडेकडेने वाकत जाते. तिबेटचे पठार टाळण्याचे कारणही असेच आहे. विमानातील हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत लगेच खाली यावे लागते, कारण तिथे माणसाला नैसर्गिक हवेत श्वास घेता येतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरांहून उंच. उतरणार कुठे? आपली ताणलेली सुतळी तिथूनच जाते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच.

हे नियम उगाच केलेले नाहीत. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला. विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी सुखरूप उतरले. आत २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. परका मुलूख, अनोळखी भाषा, वेगळे अन्न. इतक्या माणसांची सोय होईल एवढी हॉटेले तिथे नव्हती, म्हणून प्रवाशांना तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. भारतातून दुसरे विमान गेले आणि त्यांना पुढे घेऊन गेले. पंधरा तासांच्या प्रवासाला दिवस लागले, पण माणसे वाचली. विमानाची वाट वाकडी का असते, याचे उत्तर मगदानच्या धावपट्टीने दिले.

आकाशाच्या हद्दी

वारा आणि इंधन यांचा हिशेब गणिताने होतो. तिसऱ्या गोष्टीचा होत नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे राष्ट्रांनी एक करार केला. प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे, हे त्यात मान्य झाले. म्हणजे आकाशातही शेताच्या बांधासारखे बांध आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत इतकेच. बांधावरून जाऊ द्यायचे की नाही, हे शेतमालकाने ठरवायचे.

सोव्हिएत रशियाचे आकाश परक्यांना बंद होते, त्या काळात युरोपातून जपानला जाणारी विमाने सैबेरिया टाळून जात. १९५७ साली स्कँडिनेव्हियाच्या विमान कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून अलास्कातील अँकरेज येथे थांबून तोकियो गाठण्याची वाट सुरू केली. पुढे रशियाचे आकाश उघडले आणि अँकरेजचा थांबा ओस पडला. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर ते आकाश युरोप व अमेरिकेच्या विमानांना पुन्हा बंद झाले. हेलसिंकी ते तोकियो हा फिनलंडच्या विमानांचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास एका रात्रीत तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे होती तिथेच होती.

आपल्या उदाहरणात तर याहून विलक्षण गोष्ट घडली. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सचीही थेट सेवा होती. रशियाचे आकाश तिला बंद झाल्यावर २०२२ मध्ये ती थांबली. एअर इंडियाच्या विमानांना मात्र ते आकाश खुले राहिले. तेच दोन विमानतळ, तेच अंतर, तोच वारा. एका ध्वजाच्या विमानाला वाट होती, दुसऱ्याला नव्हती. पण आपल्यालाही या बाबतीत मिरवण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानचे आकाश बंद झाले ते जुलै महिन्यात उघडले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ते भारतीय विमानांना बंद केले आणि भारताने पाकिस्तानी विमानांसाठी आपले आकाश बंद केले. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या-येणाऱ्या भारतीय विमानांना मग दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकेहून परतणारी काही विमाने त्या दिवसांत इंधन घेण्यासाठी व्हिएन्नाला उतरली. सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, तिच्या कारणांत या बंद आकाशाचाही उल्लेख होता. नदीच्या पुरामुळे गाव लांब जाई, असे आरंभी आम्ही म्हटले. आता माणसांच्या वैरामुळे शहरे लांब जातात.

घड्याळाचा चकवा

शेवटी प्रवाशाच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून हा विषय संपवू. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा तास. समजा, उन्हाळ्यातल्या एखाद्या सोमवारी पहाटे चार वाजता विमान दिल्लीहून निघाले आणि साडेपंधरा तास उडाले. ते सॅन फ्रान्सिस्कोला त्याच सोमवारी सकाळी सात वाजता उतरेल. पंचांगाप्रमाणे प्रवास अवघा तीन तासांचा! परतताना सकाळी दहाला निघून सोळा तास उडाल्यास दिल्लीला दुसऱ्या दिवशीचे दुपारचे अडीच वाजलेले असतील. म्हणजे कागदावर साडेअठ्ठावीस तास. तीन आणि साडेअठ्ठावीस मिळून साडेएकतीस. साडेपंधरा आणि सोळा मिळूनही साडेएकतीस. घड्याळाने जाताना जे उसने दिले ते येताना वसूल केले. शरीराला मात्र या हिशेबाने फसवता येत नाही. रात्रीचा दिवस झालेला असतो आणि ती घडी पुन्हा बसायला कित्येक दिवस लागतात. म्हातारी माणसे अमेरिकेहून परतल्यावर आठवडाभर दुपारी पेंगतात, त्यांना आळशी म्हणू नये.

आणखी एक. वेळापत्रकातला आकडा नुसत्या उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हालल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा तो असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे आणि उतरल्यावर जागा मिळेपर्यंत थांबणे त्यात धरलेले असते. म्हणून हवेतला वेळ व तिकिटावरचा वेळ यांत फरक पडला तर बुचकळ्यात पडू नये.

तेव्हा कोणी विचारले, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब, तर १२,४०० किलोमीटर हे उत्तर भूगोलाच्या परीक्षेत बरोबर आहे आणि ते बदलणार नाही. तासांतले उत्तर देताना मात्र ऋतू कोणता, वारा कुठला, वाटेत आसरा कुठे आणि कोणत्या देशाने कोणासाठी दार लावले आहे, हे सारे पाहावे लागते. यांपैकी वारा आपल्या हातचा नाही. इंजिने व इंधन यांत अभियंते सुधारणा करीतच आहेत. उरली ती आकाशातली दारे. ती माणसांनी लावलेली आहेत. म्हणून ती उघडण्याचे कामही माणसांचेच आहे. ती उघडतील तेव्हा एकही नवे यंत्र न शोधता कित्येक घरे एकमेकांच्या तास-दोन तास जवळ येतील.